विधेयकावर कोण काय बोललं? ज्येष्ठ सदस्याचं संसदेतलं काम तपासण्याची रीत

निवडणूक जवळ आली की कोल्हापुरात खासदारांची प्रगतिपुस्तकं मोबाइलवर फिरू लागतात. हजेरी अमुक टक्के, प्रश्न अमुक, चर्चेत सहभाग अमुक वेळा. त्यावरून बिंदू चौकापासून विद्यापीठाच्या कॅन्टीनपर्यंत वाद रंगतात. हे आकडे खोटे नसतात. पण सदस्य सभागृहात येतो का आणि बोलतो का, एवढंच त्यांतून कळतं. कायदा घडत असताना त्यानं काय मागितलं, कशाला अडवलं, आणि त्याच्या बोलण्यानं कायद्याच्या मजकुरात काही हललं का, हे समजून घ्यायचं तर सभागृहाचं कार्यवृत्तच, म्हणजे तिथं बोललेल्या शब्दान् शब्दाची अधिकृत नोंदच, उघडावं लागतं. ते सगळ्यांसाठी खुलं आहे आणि बहुतेक सगळं घरबसल्या फुकट मिळतं.

पत्रकारिता किंवा वकिली शिकणारी मुलं, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे, पक्षाचं किंवा चळवळीचं काम नव्यानं सुरू केलेले कार्यकर्ते यांच्यासाठी हे लिहितो आहे. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे : माणसापासून सुरुवात करू नका, विधेयकापासून करा. नाव टाकून शोधलं की पंचवीस-तीस वर्षांची शेकडो भाषणं अंगावर येतात आणि आपण त्यातली चमकदार वाक्यं वेचत बसतो. विधेयक धरलं की त्याच भाषणाला जागा मिळते. कोणत्या खंडावर (विधेयकातल्या क्रमांक दिलेल्या तरतुदीवर) बोलणं चाललं होतं, समोर कोण होतं, मंत्र्यांनी काय उत्तर दिलं, हे सगळं दिसू लागतं.

विधेयक कोणतं घ्यावं

पहिल्या वेळी असं विधेयक घ्या, ज्याचा विषय तुम्हाला आधीपासून माहीत आहे. कोल्हापूरकरांना सहकार शिकवावा लागत नाही. 'गोकुळ' हा जिल्ह्याचा दूध संघ मल्टिस्टेट, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत काम करणारी बहुराज्य संस्था, करायचा प्रस्ताव आला तेव्हा जिल्हाभर रान उठलं होतं आणि शेवटी तो मागे घ्यावा लागला. त्यामुळे बहुराज्य सहकारी संस्था (दुरुस्ती) विधेयक सरावासाठी उत्तम. ते डिसेंबर २०२२ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं, त्याच महिन्यात दोन्ही सभागृहांतल्या सदस्यांच्या संयुक्त समितीकडे गेलं, २५ जुलै २०२३ रोजी लोकसभेत आणि १ ऑगस्ट २०२३ रोजी राज्यसभेत मंजूर झालं.

चर्चा वाचण्याआधी विधेयकच वाचा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग भाषणातलं अर्धं डोक्यावरून जातं. मांडलेल्या विधेयकात शेवटी 'उद्देश व कारणे यांचं निवेदन' असतं, तिथून सुरुवात करा. सरकारला काय करायचं आहे ते तिथं दीड-दोन पानांत सापडतं. त्यानंतर खंडांवरच्या टिपा आणि वित्तीय ज्ञापन. नियम करण्याचे अधिकार सरकारकडे सोपवण्याबाबतचं ज्ञापनही असतं, आणि माझ्या मते ते सगळ्यात दुर्लक्षित पान आहे. कायद्यात गोड शब्द असतात आणि खरी कात्री नियमांत असते, हे जुने सदस्य ओळखून असतात. त्यामुळे त्यांची नजर आधी तिथं जाते.

या विधेयकापुरतं बोलायचं तर तीन जागांवर खूण करून ठेवा. निवडणुका घेण्यासाठी सहकारी निवडणूक प्राधिकरण. आजारी संस्थांसाठी निधी, ज्यात सलग तीन वर्षं नफ्यात असलेल्या बहुराज्य संस्थांनी १ कोटी रुपये किंवा निव्वळ नफ्याच्या १ टक्का, यांतली कमी असेल ती रक्कम भरायची. आणि राज्याच्या कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेला, हजर राहून मतदान करणाऱ्या सभासदांच्या किमान दोन तृतीयांश बहुमतानं, असलेल्या बहुराज्य संस्थेत विलीन होण्याची मुभा. 'सहकारी संस्था' हा विषय घटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत ३२ व्या नोंदीत आहे, तर एका राज्यापुरत्या मर्यादित नसलेल्या संस्था संघसूचीत ४४ व्या नोंदीत. विलीनीकरणाची तरतूद या दोन नोंदींच्या बरोबर सांध्यावर बसते. म्हणूनच विधेयक मांडतानाच राज्यांच्या अधिकारावर गदा येते असा आक्षेप विरोधी बाकांवरून आला. एवढं माहीत असलं की सभागृहात कोण मुद्द्याचं बोलतो आहे आणि कोण नुसती सहकाराची थोरवी गातो आहे, हे पाच मिनिटांत समजतं.

तारखांची यादी करा

विधेयक ज्या वाटेनं जातं त्या वाटेवरचा प्रत्येक टप्पा कोणत्या दिवशी झाला, ते कागदावर मांडा. आधी पुरःस्थापना, म्हणजे विधेयक सभागृहात मांडणं. मग 'विचारार्थ घ्यावं' हा प्रस्ताव आणि त्यावरची सर्वसाधारण चर्चा. त्यानंतर खंडशः विचार, म्हणजे एकेक खंड आणि त्यावरच्या दुरुस्त्या. शेवटी 'मंजूर करावं' हा प्रस्ताव. मधेच प्रवर (एकाच सभागृहातल्या सदस्यांची) किंवा संयुक्त समिती असली तर तिचीही तारीख घ्या. दुसऱ्या सभागृहात हीच वाट पुन्हा. विधेयक अध्यादेशाच्या जागी येत असेल तर अध्यादेश नामंजूर करण्याचा ठराव त्यासोबतच चर्चेला येतो आणि तो मांडणारा विरोधी सदस्य चर्चा सुरू करतो. असं भाषण सापडलं तर ते आधी वाचा, कारण त्या सदस्यानं तयारी करूनच तो ठराव दिलेला असतो.

तारखा संसदेच्या 'संसद डॉट इन' या संकेतस्थळावर विधेयकांच्या विभागात मिळतात. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संशोधन संस्थेच्या संकेतस्थळावर प्रत्येक विधेयकाचं वेगळं पान असतं. तिथं मांडलेला मसुदा, समितीचा अहवाल आणि मंजूर झालेला मजकूर एकाच जागी सापडतो. नवख्यासाठी हे पान फार सोयीचं आहे.

कार्यवृत्त कुठं असतं

लोकसभेची जुनी-नवी कार्यवृत्तं संसदेच्या डिजिटल लायब्ररीत आहेत. १९५२ च्या आधीच्या सभागृहांची कागदपत्रंही तिथं चढवलेली आहेत. राज्यसभेच्या चर्चांचा संग्रह वेगळा आहे. जुनी पानं स्कॅन केलेली असल्यामुळे देवनागरीत नाव टाकून शोधलं तर बऱ्याचदा काहीच हाती लागत नाही. म्हणून तर तारखांची यादी आधी करायची. त्या दिवसाची संपूर्ण प्रत उतरवून घ्या आणि अनुक्रमणिकेतून विधेयकापर्यंत जा.

पडद्यावर दोन-तीनशे पानं वाचणं जड जातं. शिवाजी विद्यापीठातल्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ज्ञानस्रोत केंद्रात जा, संदर्भ विभागात विषय सांगा आणि मदत मागा. ज्यांचं नाव त्या इमारतीला आहे ते खर्डेकर स्वतः पहिल्या लोकसभेत खासदार होते. त्यांचीच भाषणं शोधून काढणं हा सरावाचा छान विषय आहे. गावातच बसून वाचायचं असेल तर १८५० पासून चालत आलेलं करवीर नगर वाचन मंदिर आहे. घटना समितीत बसलेले आणि पुढे खासदार, आमदार, राज्यात मंत्री झालेले देशभक्त रत्नाप्पाण्णा कुंभार, कोल्हापुरातून सलग पाच वेळा लोकसभेत गेलेले उदयसिंगराव गायकवाड, इचलकरंजीतून पाच वेळा निवडून आलेले बाळासाहेब माने, शेतकरी कामगार पक्षाचे दाजीबा देसाई : या जिल्ह्यातल्या नुसत्या जुन्या नावांची यादी केली तरी वर्षभराचं वाचन होईल.

नावाच्या बाबतीत सावध राहा. एका लोकसभेत पाटील अनेक असतात, जाधव आणि मानेही. लोकसभेच्या कार्यवृत्तात सदस्याच्या नावापुढे कंसात मतदारसंघ येतो, राज्यसभेत राज्याचं नाव. ते जुळवल्याशिवाय एक ओळही उतरवून घेऊ नका. इंग्रजी स्पेलिंगही दर लोकसभेत बदललेलं असू शकतं. आडनाव एकदा सुटं आणि एकदा नावासकट टाकून पाहा.

भाषण वाचताना

पहिली गोष्ट वेळेची. कोणत्या विधेयकाला किती तास द्यायचे ते कामकाज सल्लागार समिती ठरवते आणि तो वेळ पक्षांच्या संख्याबळावर वाटला जातो. मोठ्या पक्षाच्या पहिल्या वक्त्याला वीस मिनिटं मिळतात, तर एकट्या-दुकट्या सदस्याला तीन-चार. त्यामुळे लांबीवरून मोठेपण ठरवणं अन्यायाचं आहे. अध्यक्षांची घंटा वाजत असताना तीन मिनिटांत दोन खंडांवर नेमकं बोट ठेवणारा सदस्य मला तासभर फड मारणाऱ्यापेक्षा मोलाचा वाटतो.

मग भाषणावर पेन्सिल फिरवा. खंडाचा क्रमांक आला की एक खूण, दुरुस्तीचा उल्लेख आला की दुसरी, मंत्र्यांना थेट प्रश्न विचारला की तिसरी. विधेयकाशी संबंध नसलेला मतदारसंघातला रस्ता किंवा रेल्वेचा थांबा आला तर तिथं काही करू नका. त्यात गैर काही नाही, लोकप्रतिनिधीला तेही मांडावं लागतं, पण आपल्या मोजमापात ते येत नाही. एखाद्या नावाजलेल्या भाषणावर एकही खूण न पडणं, आणि कधी न ऐकलेल्या सदस्याचं पान खुणांनी भरून जाणं, हे दोन्ही तुम्हाला दिसेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सर्वसाधारण चर्चा संपली की बहुतेक वाचक पान मिटतात. तिथं थांबू नका. मंत्र्यांचं उत्तर वाचा आणि त्यात आपल्या सदस्याचं नाव येतं का पाहा. मंत्री ज्याचं नाव घेऊन उत्तर देतात, त्याचा मुद्दा त्यांना टोचलेला असतो. मग खंडशः विचाराची पानं. ती रूक्ष असतात, पण कायदा तिथं ठरतो. कुणी दुरुस्ती मांडली, कुणी सूचना देऊनही मांडली नाही, कुणी आश्वासन घेऊन मागे घेतली, कुणी मतविभाजन (म्हणजे मतांची मोजणी) मागितलं, हे सगळं ओळीओळीनं नोंदलेलं असतं. इंग्रजी प्रतीत 'द मोशन वॉज निगेटिव्ड' असं दिसलं की दुरुस्ती फेटाळली गेली, 'अडॉप्टेड' दिसलं की स्वीकारली गेली. आवाजी मतदान झालं असेल तर कुणी कसं मत दिलं याची नोंद राहत नाही. मतविभाजन झालं असेल तर आकडे मिळतात, आणि अनेकदा नावंही.

शेवटी मांडलेला मसुदा आणि मंजूर झालेला कायदा शेजारी ठेवा. विधेयकात ज्याला 'खंड' म्हणतात त्याला कायद्यात 'कलम' म्हणतात आणि क्रमांक पुढे-मागे होऊ शकतात, तेव्हा मजकुरावरून जुळवा. शब्द बदललेला दिसला तर तो बदल कुठून आला ते मागे मागे शोधत जा. ज्येष्ठ सदस्याच्या कामाचा सगळ्यात भक्कम पुरावा मला या शोधात मिळतो.

कार्यवृत्तातल्या काही खुणा समजून घ्या. तारकांची ओळ म्हणजे ते शब्द अध्यक्षांच्या आदेशानं वगळलेले आहेत. भाषणाच्या तळाशी 'पटलावर ठेवलेलं भाषण' अशी टीप असेल तर ते सभागृहात बोललं गेलेलंच नाही, लेखी दिलेलं आहे. वेळ अपुरा पडला की अशी परवानगी दिली जाते. त्यात मुद्दा असू शकतो, पण त्यावर कुणी अडवलेलं नसतं आणि उत्तरही मिळालेलं नसतं, म्हणून त्याची वही वेगळी ठेवा. संसदेचं कामकाज घटनेच्या अनुच्छेद १२० प्रमाणे हिंदी किंवा इंग्रजीत चालतं. ज्याला या भाषांत नीट मांडता येत नाही त्याला अध्यक्षांच्या परवानगीनं मातृभाषेत बोलता येतं. सदस्य मराठीत बोलला असेल तर छापील पानावर त्याचा अनुवाद आणि तशी टीप मिळते. अशा वेळी संसद टीव्हीचं चित्रण ऐकून मूळ शब्द लिहून घ्या.

हरलेलं विधेयकही वाचा : नाथ पै

घाटाखालच्या राजापूर मतदारसंघातून १९५७ पासून निवडून येणारे बॅरिस्टर नाथ पै यांचं उदाहरण मी प्रत्येक नव्या वाचकाला देतो. फेब्रुवारी १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की मूलभूत हक्क कमी करणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. त्यावर काही आठवड्यांतच नाथ पैंनी अशासकीय, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यानं आणलेलं, घटनादुरुस्ती विधेयक मांडलं : घटनेची कोणतीही तरतूद दुरुस्त करण्याचा अधिकार संसदेला आहे, हे अनुच्छेद ३६८ मध्ये स्पष्ट व्हावं म्हणून. ते संयुक्त समितीकडे गेलं, त्यावर देशभर वाद झाला, आणि ते मंजूर झालं नाही. जानेवारी १९७१ मध्ये नाथ पै गेले. त्याच वर्षी सरकारनं २४ वी घटनादुरुस्ती केली, आणि तिचा गाभा तोच होता.

प्रगतिपुस्तकात या कामाची नोंद 'अशासकीय विधेयक : १, मंजूर : ०' अशी होईल. तेवढ्यावर थांबलं तर स्वतंत्र भारताच्या घटनेवरची एक मोठी वैचारिक लढाई नजरेतून सुटेल. नाथ पैंची बाजू आपल्याला पटते की नाही, हा वेगळा प्रश्न. हक्कांच्या संरक्षणाची काळजी करणारे त्यांचे विरोधकही तितकेच वाचण्यासारखे आहेत, आणि ही चर्चा दोन्ही बाजू एकत्र ठेवूनच वाचावी. पुढे १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात न्यायालयानं घटनेच्या मूलभूत चौकटीचं तत्त्व मांडलं, म्हणजे ती चौकट संसदेलाही बदलता येत नाही. त्याच्या आधी संसदेत ही भांडणं कशी झाली होती, ते या पानांत आहे.

अशासकीय विधेयकांना शुक्रवारचे शेवटचे अडीच तास मिळतात. आजवर अशी फक्त १४ विधेयकं दोन्ही सभागृहांत मंजूर होऊन कायदा झाली, आणि त्यातलं शेवटचं १९७० मध्ये. त्यामुळे इथं मंजुरीची अपेक्षा धरून वाचू नये. हातकणंगल्याचे तत्कालीन खासदार राजू शेट्टी यांनी २०१८ मध्ये शेतकऱ्यांची कर्जमुक्ती आणि हमीभाव यांवर दोन विधेयकं लोकसभेत मांडली होती. सरकारसमोर मागणी कायद्याच्या भाषेत कशी ठेवायची, याचा नमुना म्हणून ती वाचा.

जे भाषणात सापडत नाही

सदस्याची त्या वेळची भूमिका काय होती ते आधी तपासा. मंत्री, पीठासीन अधिकारी (अध्यक्ष किंवा सभापती) आणि विरोधी पक्षनेता हजेरीपटावर सही करत नाहीत. मंत्री प्रश्नही विचारत नाहीत. त्यांच्या आकड्यांतली रिकामी जागा म्हणजे निष्क्रियता नव्हे.

वि. स. पागे हे याचं फार बोलकं उदाहरण आहे. रोजगार हमी योजनेचे जनक म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. तासगाव तालुक्यात तिचा पहिला प्रयोग झाला, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पगारातून कापला जाणारा व्यवसाय करही या योजनेच्या पैशासाठी सुरू झाला. पण पागे १९६० ते १९७८ विधान परिषदेचे सभापती होते, आणि सभापती चर्चेत भाग घेत नाहीत. भाषणं मोजणाऱ्याला पागे दिसणारच नाहीत. त्यांचं काम पत्रव्यवहार, समित्या आणि योजनेच्या मसुद्यांत शोधावं लागतं.

दुसरं उदाहरण कोल्हापूरचंच : प्रा. एन. डी. पाटील. १९६० नंतर अठरा वर्षं विधान परिषदेत, १९७८ ते १९८० सहकारमंत्री, आणि १९८५ ते १९९० कोल्हापूरचे आमदार. एकच माणूस विरोधी बाकावरून सरकारला धारेवर धरतो आणि पुढे मंत्री म्हणून विधेयकाची बाजू सांभाळतो. त्यांची भाषणं या दोन गठ्ठ्यांत वेगळी करून वाचा. मंत्री असताना त्यांनी कुणाची दुरुस्ती स्वीकारली आणि कुणाची नाकारली, हा स्वतंत्र अभ्यास होईल.

आणि समित्या. जाणते सदस्य बरंच काम बंद दाराआड, प्रवर किंवा संयुक्त समितीत करतात. तिथली भाषणं छापली जात नाहीत, पण अहवाल छापला जातो. त्यात समितीनं सुधारलेला मसुदा, बैठकांची इतिवृत्तं आणि असतील तर असहमतीची टिपणं मिळतात. बहुराज्य सहकार विधेयकाच्या बाबतीत हे फारच गरजेचं आहे. जुलै २०२३ मध्ये मणिपूरच्या प्रश्नावर लोकसभेत गदारोळ चालू होता आणि त्या गोंधळातच हे विधेयक मंजूर झालं. नुसतं त्या दिवसाचं कार्यवृत्त वाचणाऱ्याला वाटेल की विरोधकांना सहकारावर काही म्हणायचंच नव्हतं. पुरःस्थापनेची चर्चा आणि समितीचा अहवाल जोडला तरच चित्र पुरं होतं.

विधिमंडळाची पानं

राज्याच्या कायद्यांसाठी विधानसभा आणि विधान परिषद या दोन्ही सभागृहांची कार्यवाही मराठीतच मिळते, ही मोठी सोय. रीत तीच. फक्त लक्षवेधी सूचना, तारांकित प्रश्न, औचित्याचा मुद्दा यांना विधेयकावरच्या चर्चेत मिसळू नका. वर्तमानपत्रांत त्यांचीच बातमी जास्त येते, पण त्यांनी कायद्याचा मजकूर बदलत नाही. अलीकडचं साहित्य विधिमंडळाच्या संकेतस्थळावर पाहा. कार्यवाहीच्या जुन्या छापील खंडांसाठी मुंबईला विधान भवनाच्या ग्रंथालयात परवानगी काढून बसावं लागतं. जाण्याआधी विधेयकाचा क्रमांक, वर्ष आणि अधिवेशन लिहून न्या, म्हणजे दिवस शोधण्यात जाणार नाही.

लिहून ठेवताना

प्रत्येक उताऱ्याखाली सभागृह, तारीख, विधेयकाचं नाव आणि पान लिहा. लोकसभेच्या कार्यवृत्ताच्या जुन्या छापील खंडांत एका पानावर दोन स्तंभ असतात आणि क्रमांक स्तंभांना दिलेले असतात, तिथं स्तंभाचा क्रमांक द्या. व्हॉट्सअॅपवर आलेली चित्रफीत हा संदर्भ होत नाही. ती कोणत्या दिवसाची आहे ते शोधून कार्यवृत्ताशी ताडून पाहा. सभागृहातल्या कामकाजाचा खरा वृत्तांत छापणाऱ्याला अनुच्छेद ३६१-क नं संरक्षण आहे, पण कार्यवृत्तातून वगळलेले शब्द छापले तर हक्कभंग ओढवू शकतो. जिथं तारका आहेत तिथं तारकाच ठेवा.

अलीकडच्या बैठकीची प्रत असंपादित असेल तर तुमच्या टिपणावरही 'असंपादित' असं लिहा आणि संपादित प्रत आली की अवतरण पुन्हा एकदा शब्दशः पडताळून मगच ते छापायला द्या.